दहा ते पाच, हात न लावता

एक दिवसाची रजा मागायला असं काय लागतं? एक कागद, एक सही आणि थोडं खोटं बोलायची तयारी. सिस्टिमरावांची पंचाईत अशी की त्यांच्याकडे कारण खरं होतं, आणि खरं कारण सांगताना माणूस उगाच चाचरतो.

"पुढच्या गुरुवारी लेकीचं भाषण आहे," ते म्हणाले. "पीएचडीचं. परीक्षकांसमोर उभं राहून बोलायचं असतं. घरच्यांना बसता येतं म्हणे."

मॅडमनी चष्मा काढला. दाखल्यांच्या त्या कचेरीत मॅडमची खुर्ची सगळ्यात वरची, आणि मॅडमनी चष्मा काढला म्हणजे नकार, हे सगळ्यांना पाठ होतं.

"आणि सिस्टिम?" मॅडम म्हणाल्या.

आता ही सिस्टिम काय चीज आहे ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. कचेरीच्या दारात एक बटण. बटण दाबलं की चिठ्ठी बाहेर येते, चिठ्ठीवर नंबर. भिंतीवरच्या पाटीवर तो नंबर लागला की खिडकीपाशी जायचं, आणि आत दाखला छापून निघतो. चिठ्ठी, पाटी आणि छपाई या तीन कामांचे तीन प्रोग्रॅम सामानाच्या खोलीतल्या एका कॉम्प्युटरवर चालायचे. त्यांना ना खिडकी ना चेहरा, पडद्याआड गुपचूप राबायचं एवढंच. जाणकार लोक अशांना डीमन म्हणतात. कचेरीत त्यांना 'ती तीन कार्टी' म्हणत, कारण दिवसातून चार-पाच वेळा त्यातलं एखादं न सांगता आडवं व्हायचं. मग पाटी गोठायची, रांग कुरकुरायची आणि खिडक्यांमागून आरोळी उठायची, "सिस्टिमराव!"

सिस्टिमराव उठत. घाईने नाही हां. आधी हातातला कागद नीट दुमडणार, मग सामानाच्या खोलीत जाणार, दार आतून लोटून घेणार आणि तीन मिनिटांनी बाहेर येणार. तोवर पाटी हललेली असे. आत ते करत काय? एक ओळ टाइप करून एंटर दाबत. त्याला लागत वीस सेकंद. उरलेला वेळ ते नुसते उभे असत. पण दार लोटलेलं असल्यामुळे ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती, आणि सिस्टिमरावांचा सगळा मान त्या लोटलेल्या दारावर उभा होता.

मात्र याच मानापायी लेकीचं सगळं हुकलं होतं. तिचं शाळेतलं नाटक हुकलं, तिची धावण्याची शर्यत हुकली, पदवीचा समारंभ हुकला. दरवेळी "येतो" म्हणायचे आणि ऐनवेळी पाटी गोठायची. यंदा फोनवर "नक्की येतो गं" म्हटल्यावर लेक फक्त "बरं" म्हणाली. ती भांडली असती तर परवडलं असतं. ते "बरं" सिस्टिमरावांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं.

"असं करा," मॅडम म्हणाल्या, "तुमच्याशिवाय ही सिस्टिम एक पूर्ण दिवस चालवून दाखवा. दहा ते पाच. तुम्ही बाहेरच्या बाकावर, लोकांमध्ये बसायचं. हात लावायचा नाही. चालली तर रजा. सोमवारी बघू."

आता दिवसातून पाच वेळा पडणारी कार्टी हात न लावता उभी कशी करायची? त्या संध्याकाळी सिस्टिमराव जिना चढत होते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून अख्ख्या इमारतीला कळलं की काहीतरी बिनसलंय. झालं! पहिल्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी गाठलं. ते म्हणाले, "दर दोन तासांनी बंद करून दहा मिनिटं थंड होऊ द्या. मी नोकरीभर तेच केलं." "मशीनचं?" "छे हो, माझं स्वतःचं!" दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी ठणकावून सांगितलं की जी वस्तू मध्येच थांबते तिला तेल कमी पडतंय, दुसरं काही नाही. सिस्टिमरावांनी दोघांचेही आभार मानले. अकरा वर्षांच्या अनुभवावर तेलाची बाटली ओतली गेली याचं दुःख त्यांनी गिळलं.

पण खरा घाव घरात बसायचा होता.

"माझ्या भावाला विचारा की," बायको म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ एका मोठ्या कंपनीत हेच काम करायचा, आणि त्याला काही विचारण्यापेक्षा सिस्टिमरावांनी तिन्ही कार्टी पाठीवर घेऊन धावणं पसंत केलं असतं. पण गुरुवार डोळ्यांसमोर होता. त्यांनी फोन लावला.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "म्हणजे तुम्ही अजून हाताने चालू करता?"

त्या 'अजून'ला काय म्हणावं! सिस्टिमरावांनी फोन कानापासून जरा दूर धरला.

"अहो, त्यासाठी सुपरवायझर असतो," मेहुणा सांगत होता. "एक वेगळा प्रोग्रॅम. त्याचं काम एकच, बाकीच्यांवर नजर ठेवायची. कोणी मेलं की दोन सेकंदांत परत उभं करायचं. आमच्याकडे अशी चार हजार चालतात, कोणी ढुंकून बघत नाही."

"म्हणजे मुकादमच की," सिस्टिमराव म्हणाले. मुकादम म्हटल्यावर ती वस्तू त्यांना जरा ओळखीची वाटायला लागली.

मुकादम फुकट मिळत होता, पण कचेरीच्या कॉम्प्युटरवर नवीन काही बसवायचं तर परवानगी लागे. नियम असा की अर्ज कर्मचाऱ्याने करायचा आणि मंजुरी यंत्राच्या ताबाधारकाने द्यायची. यंत्राचे ताबाधारक कोण? सिस्टिमरावच. त्यांनी स्वतःला अर्ज लिहिला, तो स्वतःच आवक केला आणि मंजुरीची सही करणार एवढ्यात हेडक्लार्क आडवे आले. अर्जदार आणि मंजुरी देणारा एकच चालत नाही, कलम अमुक. मग ताबा तात्पुरता दुसऱ्याला द्यावा लागला. हेडक्लार्कनीच तो घेतला, रीतसर पोच दिली, आणि ताबा हातात येताच त्यांचा चेहरा बदलला.

"आता यंत्राची जबाबदारी माझी," ते म्हणाले. "त्यात मी अनोळखी मुकादम कसा शिरू देऊ?"

"अहो, तुम्ही तर काल म्हणालात की बिनधास्त बसवा!"

"काल मी ताबाधारक नव्हतो."

तीन दिवस गेले. शनिवारी संध्याकाळी हेडक्लार्कनी एकदाची सही केली, तीही 'होणाऱ्या परिणामांस अर्जदार जबाबदार' असा शेरा मारून. सिस्टिमरावांनी घाईघाईने मुकादम बसवला, तिन्ही कार्टी त्याच्या हवाली केली, आणि नीट पारखून बघायला वेळच उरला नाही.

सोमवारी दहाला सिस्टिमराव इस्त्रीचा शर्ट घालून बाकावर बसले. मॅडम दारात उभ्या राहिल्या. पहिल्या गृहस्थांनी बटण दाबलं. चिठ्ठी आली, नंबर एक. मॅडमनी मान हलवली. सिस्टिमरावांनी नकळत आजूबाजूला पाहिलं, कोणी बघतंय का म्हणून.

दुसऱ्या बाईंनी बटण दाबलं. दोन चिठ्ठ्या आल्या. दोन्हींवर नंबर दोन.

"एकावर एक फुकट दिसतंय," कोणीतरी म्हणालं. लोक हसले. सिस्टिमराव हसले नाहीत.

पाचव्याला तीन आल्या. नवव्याला पाच. मागे एक भले गृहस्थ होते, कोणाच्याही उपयोगी पडणारे, आणि अशा माणसांमुळेच जगात जास्त गोंधळ होतो. त्यांनी बटण दाबलं आणि बारा नंबरच्या चौदा चिठ्ठ्या भळाभळा बाहेर पडल्या. त्यांनी एक ठेवली आणि उरलेल्या तेरा मागच्या लोकांना प्रेमाने वाटून टाकल्या. "घ्या हो, माझ्याकडे जास्त आहेत."

पाटीवर बारा लागला आणि चौदा माणसं एकदम खिडकीशी गेली. प्रत्येकाच्या हातात अस्सल, शिक्क्याची, बारा नंबरची चिठ्ठी! एक आजोबा म्हणाले, मी वयाने मोठा. एक बाई म्हणाल्या, माझी चिठ्ठी सगळ्यात स्पष्ट छापलीय. खिडकीतल्या कारकुनाने खिडकी लावून घेतली. बाकावर सिस्टिमराव दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, कारण हात लावायचा नाही असं ठरलं होतं, आणि त्यांचे हात आपोआप उठत होते.

"सिस्टिमराव! आत जा!" मॅडम ओरडल्या, आणि परीक्षा दहा वाजून बावीस मिनिटांनी संपली.

आत पाहतात तर चिठ्ठीचा प्रोग्रॅम एक नव्हता, एकोणतीस होते. त्यांनी एकाला मारलं. मुकादमाने नवा उभा केला. चिडून त्यांनी भिंतीतली वायरच उपटली, दोन मिनिटं थांबून परत लावली, तर यंत्राबरोबर मुकादम जागा झाला आणि इमानाने परत भरती करू लागला. शेवटी मुकादमालाच घरी बसवलं, पण तोवर चिठ्ठ्यांचा कागदच संपला होता, आणि दिवसभर कचेरीतले म्हातारे शिपाईमामा हाताने नंबर लिहीत बसले. सहाचा आणि नऊचा आकडा ते एकसारखा काढत, त्यामुळे दुपारी आणखी एक भांडण झालं, पण ते आपल्या गोष्टीत नको.

घरी येऊन परत मेहुण्याला फोन. मान आता शिल्लकच कुठे होता?

"भावोजी, तुमचा प्रोग्रॅम सुरू झाल्यावर स्वतःच मागे जाऊन बसतो का?"

"हो!" सिस्टिमराव जरा ताठ झाले. "ती सोय मीच केली, अकरा वर्षांपूर्वी. पडद्यावर पसारा नको म्हणून."

"तिथेच घोळ आहे. मुकादम ज्याला कामाला लावतो त्याच्यावर नजर ठेवून दारात उभा असतो. तुमचा माणूस दारात हजेरी लावतो आणि मागच्या बाजूने आत जाऊन काम करतो. मुकादमाला दारात कोणी दिसत नाही. त्याला वाटतं, गेला. तो दुसरा पाठवतो. तोही तसाच आत जातो. मग तिसरा."

हे दुसऱ्या कोणाला समजायला वेळ लागला असता. सिस्टिमरावांना एका दमात समजलं, कारण त्यांच्या कचेरीत सहीपुस्तकात सही करून मागच्या दाराने निघून जाण्याची चाल फार जुनी होती. फरक एवढाच की कचेरीतली माणसं आत कामाला जात नसत.

"मग करू काय?"

"ती तुमची सोय काढून टाका. समोर बसूनच काम कर म्हणावं."

म्हणजे अकरा वर्षांत जी एकच गोष्ट स्वतःच्या डोक्याने केली होती, ती काढायची. सिस्टिमरावांनी कागद-पेन्सिल शोधली. मग त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतला.

मंगळवारी सकाळी ते मॅडमच्या खोलीत जाऊन उभे राहिले. मॅडमचा चष्मा आधीच टेबलावर होता.

"सिस्टिमराव, कालचा तमाशा पुरे झाला."

"मॅडम," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भलतीकडेच गेला. "मी तिच्या एकाही कार्यक्रमाला गेलेलो नाही. एकाही."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग टेबलावरचा चष्मा उचलून हळूच डोळ्यांवर चढवला.

"उद्या. दहा ते पाच. शेवटचं."

बुधवारी सिस्टिमराव परत त्याच बाकावर. इस्त्री आज नव्हती. एका बटणाला एक चिठ्ठी येत होती. पाटी हलत होती. अकरा वाजून वीस मिनिटांनी पाटी गोठली आणि ते मनात मोजू लागले. एक. दोन. पाटी हलली! रांगेतल्या कोणाच्याही लक्षात आलं नाही. बारा चाळीसला चिठ्ठी अडकली आणि लगेच आली. सव्वादोनला परत पाटी. दरवेळी सिस्टिमराव गुडघे घट्ट धरून मनात एक-दोन म्हणत आणि दरवेळी तिसऱ्याआधी काम सुरू होई. शेजारी बसलेल्या बाईंनी आपलं लहान मूल त्यांच्यापासून जरा पलीकडे सरकवलं.

तीनला पाटी गोठलेली नेमकी शिपाईमामांनी पाहिली. गुरुवारी अडलं तर हाताशी कोणी असावं म्हणून सिस्टिमरावांनी कालच मामांना ती एक ओळ टाइप करायला गुपचूप शिकवली होती. मामा मायेने धावले. हाताने एक आणि मुकादमाकडून एक, म्हणजे परत दोन झाले असते! सिस्टिमरावांनी उडी मारली आणि सामानाच्या खोलीच्या दारात हात पसरून उभे राहिले.

"साहेब, सरका! बंद पडलंय!"

"पडू दे!" सिस्टिमराव गरजले.

खिडक्यांमागची डोकी वर आली. अकरा वर्षं ज्या माणसाला पाटी गोठली की बोलावत होते, तो माणूस ओरडून सांगत होता, पडू दे. पाटी हलली. मामांनी सिस्टिमरावांकडे असं पाहिलं, जणू यांना घरी पोचवायला हवं. मॅडम दुरून बघत होत्या. "मी हात लावला नाही," सिस्टिमराव म्हणाले आणि हात वर करून दाखवले.

इथवर ठीक होतं. पण चारचा चहा आडवा आला. मॅडम बरोबर चारला स्वतःचा चहा स्वतः करत. विजेची किटली, कपाटावरची. त्यांच्या दाराजवळ भिंतीला एकच सॉकेट होतं आणि त्यात दाखले छापायच्या प्रिंटरची वायर असे. मॅडमनी नेहमीप्रमाणे ती काढली आणि किटलीची लावली. रोज याच वेळी छपाई बंद का पडते, हे कोडं सिस्टिमरावांना अकरा वर्षांत सुटलं नव्हतं. आज बाकावर नुसतं बसून राहिल्यामुळे ते त्यांच्या डोळ्यांसमोर सुटलं.

प्रिंटर नाही म्हटल्यावर छपाईचा प्रोग्रॅम मेला. मुकादमाने उठवला. प्रिंटर नाहीच, परत मेला. आता मुकादमालाही मर्यादा असते. त्याला सिस्टिमरावांनीच काल सांगून ठेवलं होतं की पाच वेळा उठव, दरवेळी आधीपेक्षा जास्त थांब, आणि पाचव्यांदाही मेला तर नाद सोड. मेहुणा म्हणाला होता, पाच पुरेत. सामानाच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि तिथल्या कॉम्प्युटरचा पडदा बाकावरून दिसत होता. दुसरा प्रयत्न फसला. तिसरा फसला. खिडकीत एक माणूस दाखल्यासाठी हात पुढे करून उभा होता.

मॅडमना सांगावं? पण परीक्षा घेणाऱ्यालाच कसं सांगणार की बाई, तुमचा चहा आड येतोय? आणि सांगितलं तर तोही हातच लावणं झालं. किटली कुजबुजत होती. चौथा प्रयत्न फसला. आता राहिला एक. उकळ बाई, उकळ, सिस्टिमराव मनात म्हणत होते, आणि त्यांच्या कपाळावरून घाम सरळ डोळ्यात उतरत होता. किटलीने सूर धरला. टक्! मॅडमनी पाणी ओतलं. साखर घातली. ढवळलं. ढवळतच राहिल्या. देवा, किती ती साखर! मग त्यांनी किटलीची वायर काढली, शिस्तीने गुंडाळली आणि प्रिंटरची वायर जागेवर लावली. प्रिंटरने घसा खाकरला. पडद्यावर पाचवी ओळ उमटली, थांबली, आणि हिरवी झाली. खिडकीतल्या माणसाच्या हातात दाखला पडला. "आभारी आहे," तो कारकुनाला म्हणाला.

पाच वाजले. मॅडम बाकापाशी आल्या.

"आज एकदाही बंद पडली नाही," त्या म्हणाल्या.

खोटं बोलून चाललं असतं. पण मुकादम सगळं लिहून ठेवत होता, आणि तो कागद सिस्टिमरावांनी मॅडमपुढे धरला. "अकरा वेळा पडली."

"मला तर एकदाही दिसलं नाही."

"हो," सिस्टिमराव म्हणाले. "मामा सोडले तर कोणालाच दिसलं नाही."

मॅडमनी तिथेच, त्यांच्याच पाठीवर कागद ठेवून, रजेवर सही केली. सिस्टिमराव जिंकले होते, आणि घरी जाताना त्यांना रडू येत होतं. खरंच येत होतं, लपवण्यात काय अर्थ आहे? अकरा वेळा पडली, अकरा वेळा उठली आणि एकदाही कोणी त्यांच्या नावाने हाक मारली नाही. इतकं सोपं होतं तर मग आपण इतकी वर्षं नक्की काय करत होतो? बायकोला त्यांनी हे विचारलं. ती बॅग भरत होती. "एंटर दाबत होतात," ती म्हणाली. तिला ते पहिल्यापासून माहीत होतं. "चला, झोपा आता. सकाळी सहाची गाडी आहे."

गुरुवारी अकराला ते दोघं विद्यापीठाच्या त्या छोट्या सभागृहात दुसऱ्या रांगेत बसले. समोर तीन परीक्षक, भिंतीवर पुलाचं मोठं चित्र. लेकीचा विषय होता पुलांना भेगा का पडतात. सिस्टिमरावांनी फोन मुद्दाम चालू ठेवून मांडीवर धरला होता. एव्हाना पाटी गोठली असेल, मामा धावले असतील, मॅडमनी चष्मा काढला असेल. पण फोन वाजेना. त्यांनी आवाज वाढवून ठेवलाय का तेही तपासलं. अजून वाजेना. बायकोने फोन काढून घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

लेक आली. माईक नीट केला, परीक्षकांना नमस्कार केला, "या कामात मी" असं म्हणाली आणि तिची नजर दुसऱ्या रांगेवर आली.

ती थांबली.

नुसती थांबली. तोंड उघडं, हातात चित्र बदलायचं बटण, आणि शब्द नाही. एक. दोन. सभागृहात खुर्च्या करकरल्या. तीन. चार. वर्षानुवर्षांची तिची मेहनत, आणि ती विसरली! एका परीक्षकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. दुसऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सिस्टिमराव खुर्चीच्या कडेवर आले, काय करायला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"माफ करा," लेक माईकमध्ये म्हणाली. "बरं नाही वगैरे असं काही नाही. माझे बाबा आलेत. ते येतील असं मी धरलंच नव्हतं."

सभागृह हसलं. तिन्ही परीक्षक हसले, मागची मुलं हसली, बायको डोळे पुसत हसली. सगळे हसतायत म्हणून सिस्टिमरावही हसले, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की त्या वाक्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

लेकीने पाण्याचा घोट घेतला आणि पहिल्या पुलापासून सांगायला सुरुवात केली.